अडीच मणांचा नवस

परवा उज्जैन स्टेशनवर गाडी उशिरा होती म्हणून मी वेळ घालवायला वजनाच्या यंत्रावर उभी राहिले. यंत्रानं घरघर केली, लाल-हिरवे दिवे फिरवले आणि जरा विचार करून एक तिकीट बाहेर टाकलं. एका बाजूला आकडा, दुसऱ्या बाजूला भविष्य. आकडा वाचला आणि घाईघाईनं तिकीट उलटं केलं. 'आपके प्रयत्न का फल शीघ्र मिलेगा,' असं भविष्य होतं. प्रयत्न मी दहा वर्षं करते आहे. फळ कुठं साठतंय ते पलीकडच्या बाजूला छापलेलंच होतं. मी पर्समध्ये दुसरं नाणं शोधायला लागले तेव्हा आमचे हे म्हणाले, "राहू दे. यंत्र सरकारी आहे, मत बदलणार नाही."

काट्यावर चढलेलं माणूस कमी भरावं म्हणून देवाची आळवणी करणारी मी. पण माणूस जास्त भरावा म्हणून श्वास रोखून काट्यासमोर उभं राहिलेलं एक घरही मी पाहिलंय. ते आमचंच घर. आणि काट्यावर चढायचे ते बापूमामा.

बापूमामा हे आमच्या ह्यांचे सख्खे मामा. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. ह्यांना वाढवलं ते मामा-मामींनी, म्हणून सून म्हणून मी त्यांच्याच घरात आले. मी साताऱ्याची. उज्जैनात मराठी लोक राहतात आणि ते 'सब्जी चांगली बनलीय, थोडी अजून दे ना' असलं मराठी बोलतात हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं.

मामांचं पहिलं दर्शन मला माझ्याच लग्नाच्या पंगतीत झालं. वरपक्षाकडून मागणी काही नव्हती, तेव्हा वडील खुशीत होते. मग मामा पाटावर बसले. पाट दिसेनासा झाला. डोक्यावर ग्वाल्हेरी पगडी, खाली थेट पोट. मान असावी असा नुसता समज. जिलबी आली. मामा एकेक जिलबी दोन बोटांनी उचलून उजेडाकडं धरायचे, तिची वळणं बघायचे, 'वा' म्हणायचे आणि ती नाहीशी व्हायची. आग्रहाला नाही म्हणणं त्यांना ठाऊकच नव्हतं. माझ्या काकांनी ईर्षेनं आग्रह सुरू केला आणि शेवटी तेच हात जोडून उभे राहिले. "कढई पालथी घातली हो." मामा म्हणाले, "काही हरकत नाही. पोट म्हणजे सराय आहे. आलेल्याला नाही म्हणायचं नाही, न आलेल्याची वाट बघायची नाही." आणि मठ्ठा प्यायले. माझी आई मला आत जवळ घेऊन रडली. सासरी जाते म्हणून नव्हे. त्या घरी स्वयंपाक मला करावा लागणार म्हणून. माझा स्वयंपाक तिनं खाल्लेला होता.

मामा जुन्या सुभ्याच्या कचेरीत दफ्तर सांभाळायचे. कचेरीवरची पाटी ग्वाल्हेर संस्थानची होती, ती जाऊन मध्यभारताची आली, आणि तीही फार दिवस टिकणार नाही असं लोक बोलत होते. मामांची खुर्ची मात्र तीच. जमिनीचे, वतनांचे, देवस्थानांचे हजारो कागद लाल कापडात बांधलेले. त्या गाठोड्यांना 'रुमाल' म्हणत. कुठलाही कागद मागा, मामा डोळे मिटून रुमालाचा नंबर सांगत. कागदात काय लिहिलंय ते मात्र विचारायचं नाही. "वाचणं साहेबाचं काम. माझं काम कागद हरवू न देणं." घरीही तेच. वाण्याच्या चिठ्ठ्या, मुंजीच्या पत्रिका, माझ्या माहेरची पत्रं, सगळं रुमालात. एकदा आईचं पत्र मला तीन आठवड्यांनी मिळालं, कारण पोस्टमननं ते मामांच्या हातात दिलं होतं आणि मामांनी ते 'सातारा, किरकोळ' मध्ये बांधून टाकलं होतं.

मध्यभारताच्या अखेरच्या दिवसांत मामांचं पोट दुखायला लागलं. ते सोडा पिऊन कचेरीत जायचे. एक दिवस कचेरीतून चार माणसांनी त्यांना उचलून आणलं. चार लागली यावरूनच गांभीर्य कळलं. इंदूरला नेलं. जठरात व्रण होता, फुटायच्या बेतात. डॉक्टरांनी दोन तृतीयांश जठर काढून टाकलं.

ऑपरेशन चाललं होतं तेव्हा आमच्या मामी बाहेर बाकावर बसल्या होत्या. मामी म्हणजे मामांच्या बरोबर उलट. काठीवर लुगडं वाळत घातलंय असं वाटावं, आणि जिभेला मात्र धार. त्यांनी तिथं बसल्या बसल्या हरसिद्धी देवीला नवस बोलला: हा माणूस जिवंत परत दे, क्षिप्रेच्या रामघाटावर याची गुळानं तुळा करीन.

मामा परत आले ते हसत. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "देशातली सगळी संस्थानं विलीन झाली, माझंच एक उरलं होतं. दोन तृतीयांश मुलूख गेला. राहिला तो आता तनख्यावर!"

गुळाची तजवीज करायची तर वजन कळायला हवं. देवास गेटाजवळ गल्ल्याचा, म्हणजे धान्याचा, एक व्यापारी होता. त्याच्याकडं पोती तोलायचा मोठा काटा. सेठ मामांचा जुना स्नेही. आजाराआधी एकदा गमतीनं त्यानं मामांना तोललं होतं तेव्हा अडीच मण भरले होते, म्हणजे शंभर शेर, आताचे त्र्याण्णव किलो. आता सोमवारी गेलो. मामा पारड्यात बसले, सेठनं पोत्याचं वजन पुकारावं तसं पुकारलं, "दो मन, पाँच सेर!"

घाटावरचे आमचे उपाध्ये, पंडाजी, बरोबर होते. "बस, इतना ही गुड लगेगा, माँसाब. जिस दिन तौल, उस दिन का वजन."

"नहीं," मामा पारड्यातूनच म्हणाले. "नवस बोलला तेव्हा मी अडीच मण होतो. देवीला काय, घट वजा करून द्यायची? मी भरून येतो, मग तुळा."

झालं. मामांना भरून काढायला अख्खं गाव लागलं. शेजारून रबडी, कचेरीतून मावा, कुणी दुधात भिजवलेल्या जलेब्या सकाळी सकाळी घेऊन यायचे. मामी बासुंदी आटवायच्या. ताटावर बसलं की तांब्या-तांब्या पाणी, 'घास सुखानं उतरू दे' म्हणून. मामा बिचारे पूर्वीच्याच श्रद्धेनं खायचे. आणि अर्ध्या तासात घामानं निथळायचे, छाती धडधडायची, डोळ्यांपुढं अंधारी, आणि मग परसदाराकडं धाव. परत आले की मामी म्हणायच्या, "अशक्तपणा आहे. थोडी रबडी घ्या." की पुन्हा तेच.

दर सोमवारी काट्यावर. दोन मणांच्या खाली आले. मग पावणेदोन. मग दीड. कोट खांद्यावरून घरंगळायला लागला, धोतराला आणखी दोन निऱ्या बसायला लागल्या, बोटातली अंगठी मामींनी दोरा गुंडाळून घट्ट केली. पगडी मात्र तेवढीच राहिली. वजन सगळीकडून गेलं, डोक्यातून काही गेलं नाही. मामांचे विनोदही चालू होते. "सूनबाई, मला आता छत्री नको, दोन थेंबांच्या मधून निघून जातो."

मी हसायचे. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. सेठ सुरुवातीला वजन मोठ्यानं पुकारायचा. दीड मणाच्या खाली काटा आल्यापासून तो मामींजवळ येऊन हळू आवाजात सांगायला लागला होता.

आणि मग एका सोमवारी त्यानं परत पुकारलं. अर्धा शेर वाढ! सेठनं हमालांना गूळ वाटला. मामी रस्ताभर बोलत होत्या, आणि बोलताना कुणालाही टोचत नव्हत्या. यावरून आनंद केवढा ते कळावं. घरी आल्या आल्या त्यांनी मामांचा कोट धुवायला घेतला. खिसे उलटे केले. दोन्ही खिशांतून एकेक काळा गुळगुळीत दगड निघाला. क्षिप्रेतले, अर्ध्या-अर्ध्या शेराचे. मामा कचेरीत ते कागद उडू नयेत म्हणून वापरायचे.

म्हणजे वाढ अर्ध्या शेराची आणि दगड एक शेराचे. मला गणित कधी येत नव्हतं, पण तेवढं आलं.

मामींनी जेवायला पानं घेतली. मामांच्या ताटात वरणभात, डावीकडं चटणी, आणि उजवीकडं, जिथं भाजी वाढतात तिथं, दोन दगड.

मामा बघत राहिले. "हे काय?"

"वजन वाढतं ना यानं? खा."

"अगं—"

"खा! लाजू नका. अजून वाढते. नदी भरलीय दगडांनी."

मामांनी पगडी काढून बाजूला ठेवली. ती ते फक्त देवापुढं काढत. म्हणाले, "परवा तू पंडाजीला विचारत होतीस, तुळा लवकर उरकून घेता येईल का म्हणून. मी आतून ऐकलं. म्हटलं, हिला वाटतंय मी फार दिवस नाही. एक सोमवार तरी हिला बरा जावा."

स्वयंपाकघरात माझी पोळी तव्यावर जळत होती. ती एरवीही जळायचीच.

मग मामींनी डोळ्यांना पदर लावला, नाक ओढलं आणि कचेरीतल्या साहेबासारखं विचारलं, "इंदूरच्या डॉक्टरनं निघताना काही सांगितलं होतं का? आठवून सांगा."

"सांगितलं नाही. कागद दिला होता."

"कसला कागद?"

"इंग्रजी होता."

"कुठाय?"

मामांचा चेहरा एकदम उजळला. "सुरक्षित आहे! रुमाल नंबर चाळीस. 'इंदूर, शरीर'."

चार महिने! चार महिने तो कागद लाल कापडात नीट घडी करून, दोऱ्याची गाठ मारून, कपाटाच्या वरच्या फळीवर सुरक्षित होता. घरात मॅट्रिकपर्यंत इंग्रजी शिकलेली मी होते, माझे यजमान तर बँकेत इंग्रजीतच सही करत. पण कागद वाचायला म्हणून असतो हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी मोठ्यानं वाचायला लागले. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा खा. जेवताना पाणी पिऊ नका, अर्धा तास आधी किंवा नंतर. गोड बंद. जेवल्यावर थोडा वेळ आडवं व्हा. घास बारीक चावा. वजन उतरत राहिलं तर ताबडतोब मला येऊन दाखवा.

एकेक ओळ म्हणजे आम्ही चार महिने मन लावून केलेल्या एकेका गोष्टीच्या उलट.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसनं देवास गेटावरून इंदूर गाठलं. डॉक्टरांनी मामांना तपासलं आणि मग आम्हाला जे झाडलं ते बाहेरच्या कंपाउंडरनंही उभं राहून ऐकलं. "ये कागज आपको कब दिया था?"

"साहेब, कागद बघा तरी," मामा नम्रपणे म्हणाले. "एक कोपरा दुमडलेला नाही."

डॉक्टरांना हसू आलं, पण लगेच गंभीर झाले. गोड आणि पाणी जेवणाबरोबर धाडकन आतड्यात उतरतं, म्हणून तो घाम आणि ती धाव; पोटात गेलेलं अंगी लागतच नव्हतं. असंच चाललं असतं तर दिवाळीपर्यंत सांगता येत नव्हतं, असं ते मामींकडं न बघता म्हणाले. लिव्हरची इंजेक्शनं लिहून दिली, दर महिन्याला यायला सांगितलं. अंडी खा म्हणाले. ते मामींना ऐकू आलं नाही. आणि निघताना म्हणाले, "काकासाहेब, आजवर भूक तुम्हाला बोलवायची. आता ती बोलावणार नाही. घड्याळ बघून खायचं."

मामांनी गजराचं घड्याळ घेतलं. सहा गजर, सहा खाणी. अडचण आली ती आपोशनाची. पाणी घेऊन, पानाभोवती फिरवून, चित्राहुती घातल्याशिवाय मामा साठ वर्षांत जेवले नव्हते. आणि इथं पाण्याला बंदी. मामांनी अन्न पुढं ठेवून हात मागं घेतला. पंडाजींना बोलावलं. ते विचार करून म्हणाले, आचमनाला उडदाचा दाणा बुडेल एवढंच पाणी लागतं. मामींनी खरोखर एक उडीद आणला, मामांच्या तळहातावर ठेवला आणि तो बुडेतो थेंब थेंब पाणी घातलं. तेवढं पाणी डॉक्टरांना पुढच्या फेरीत दाखवलं. ते म्हणाले, चालेल. शास्त्र आणि विज्ञान आमच्या घरात एका उडदावर एकत्र आलं.

उरला स्वयंपाक. मामींच्या हाताला चाळीस वर्षांची सवय. भाजीत साखर, आमटीत गूळ, नकळत पडायचाच. गोडाच्या बाबतीत निर्दोष असं घरात एकच माणूस होतं. माझी भाकरी, माझा झुणका. तिखट काढून टाकलं की त्या झुणक्यात तक्रार करण्याजोगंसुद्धा काही उरत नसे. इतका कोरडा की कुणीही चार घासांच्या वर खाऊ शकत नसे आणि प्रत्येक घास चावून चावून थकत असे. डॉक्टरांना हेच तर हवं होतं. वर भरपूर तूप, बाजूला भाजलेले दाणे, चक्का. मामा पहिला घास बराच वेळ चघळून म्हणाले, "सूनबाई, याला चव कशी आहे ते सांगवत नाही, पण हा आत जाऊन गप्प बसला आहे." माझ्या स्वयंपाकाला आयुष्यात मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्र.

त्याच सुमारास मध्यभारत संपला, मध्यप्रदेश झाला आणि दफ्तर बघायला भोपाळहून एक बडे अधिकारी आले. मामा त्यांना रुमाल दाखवत होते तेवढ्यात कपाटात ठेवलेल्या मामांच्या डब्याच्या पिशवीत गजर झाला. साहेब दचकले. मामा म्हणाले, "माफ करें हुजूर, डॉक्टरी हुक्म है," आणि त्यांच्यासमोर डबा उघडून उडीदभर आचमन करून बसले. एकट्यानं खाणं रक्तात नाही, म्हणून डबा पुढं केला. "लीजिए." साहेबांनी शिष्टाचार म्हणून झुणका-भाकरीचा घास घेतला. मग बराच वेळ चावत राहिले. डोळ्यांत पाणी आल्यावर खुणेनं पाणी मागितलं. मामा म्हणाले, "पानी आधे घंटे बाद, हुजूर." मामांना भोपाळला बदली करून नेतील अशी सगळ्यांना भीती होती. ती त्या दिवशी संपली.

सोमवार चालूच होते. आधी घसरण मंदावली. सव्वा मणावर काटा आला. पुढच्या सोमवारी तिथंच. त्याच्या पुढच्या सोमवारीही तिथंच. तिसऱ्या सोमवारी सेठनं दोनदा तोललं, मामांचे खिसे तपासले आणि अख्खं देवास गेट ऐकेल असं ओरडला, "वही का वही!" काही वाढलं नव्हतं, फक्त कमी झालं नव्हतं, आणि मामी भर बाजारात पोत्यावर बसून रडल्या.

मग शेराशेरानं वाढ. एक मण अठरा शेरांवर डॉक्टर म्हणाले, "बस. इतनाच राहू द्या. पुराना वजन विसरा."

मामांना आनंद झाला आणि एक दुःखही. "म्हणजे अडीच मण कधीच नाही?"

"अहो, आहात तेवढ्याची करू तुळा," मामी म्हणाल्या. "देवी काय भांडायला येणार आहे?"

"देवी नाही येणार. मला वाटत राहील. तू अडीच मणांचा माणूस मागितला होतास."

रामघाटावर सेठनं आपला काटा तीन बांबूंच्या तिकाटण्याला टांगला. एका पारड्यात गूळ, मामांच्या हट्टानं पुरता अडीच मण. दुसऱ्यात मामा, पगडी घालून. गुळाचं पारडं जमिनीला टेकलेलं, मामा वर, पाय हलवत. यात्रेकरू जमले. पंडाजींनी मंत्र थांबवले. "जजमान, गुड कम करो."

"नहीं."

मामींनी हातातलं ताम्हन मला दिलं. लुगडं सावरलं. "सरका," म्हणाल्या, आणि मामांच्या शेजारी पारड्यात चढून बसल्या.

"अगं, तू काय—"

"सरका म्हटलं ना. घटलेलं मीच भरते. माझ्याच हाताच्या बासुंदीनं घटलात."

काटा हलला. आयुष्यभर ज्यांच्या काटकुळेपणाची सगळ्यांनी चेष्टा केली त्या मामी एक मण आणि वर थोड्याशा भरल्या. पारडी जवळजवळ आली. जरासं कमी पडत होतं. मामींनी कनवटीतून ते दोन काळे दगड काढले आणि मांडीवर ठेवले. त्यांनी ते बरोबर का आणले होते, ते मी कधी विचारलं नाही. तरी केसभर फरक. मग मामांची पिशवी पारड्यात ठेवली, डबा आणि घड्याळासकट, आणि काटा सरळ उभा राहिला.

पंडाजींनी मंत्र सुरू केले, आणि पिशवीत गजर झाला.

मामा यानंतर कितीतरी वर्षं जगले, दर महिन्याला डॉक्टरांना भेटत, दर दोन तासांनी चार घास खात. पण ते माझ्या डोळ्यांपुढं येतात ते अजून तसेच, रामघाटावर अधांतरी लोंबकळणारे. त्यांनी पंडाजींना हातानं थांबायची खूण केली आणि डबा उघडला. मामींनी तळहातावर उडीदभर पाणी घातलं.

"अरे जजमान!" पंडाजी ओरडले. "पारड्यात बसून खाता? तौल बिगड जाएगा!"

मामा घास चावत होते. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पुरता चावून झाल्यावरच ते बोलले.

"कसं बिघडेल, गुरुजी? डब्यात होतं ते पोटात गेलं. आणि आता ते तिथं राहतं."